पहिली पाच मिनिटे घरातली



बालरोगतज्ज्ञांच्या परिषदेत अध्यक्षाने आपल्या शाखेच्या प्रगतीचा आढावा घ्यावा, असा रिवाज आहे. तो मी आज मोडतो. नवी औषधे, जनुकचाचण्या आणि शस्त्रक्रिया यांवर पुढचे दोन दिवस सत्रे आहेतच आणि ती माझ्याहून जाणकार मंडळी घेणार आहेत. मला बोलायचे आहे ते औषधांना दाद न देणाऱ्या फिट्स येणाऱ्या लहान मुलांच्या आईवडिलांविषयी. अपस्माराच्या साधारण एक तृतीयांश रुग्णांच्या फिट्स नीट निवडलेल्या दोन औषधांनीही थांबत नाहीत. दोन-तीन वर्षांचे मूल या गटात असते तेव्हा त्याच्या उपचारातले सर्वांत निर्णायक दोन भाग, फिट ओळखणे आणि चालू फिट थांबवणे, घरात घडतात. आपली सारी व्यवस्था मात्र रुग्णालयात आहे. या आईवडिलांना उपचार करणाऱ्या चमूत घेतले पाहिजे, त्यासाठी लागणारे औषध, माहिती आणि अधिकार त्यांच्या हाती दिले पाहिजेत, एवढेच माझे म्हणणे.

आधी वेळेचा हिशेब. अपस्मारावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१५ मध्ये दीर्घ फिटची व्याख्या नव्याने मांडली. सर्वांगाला झटके देणारी फिट पाच मिनिटांत थांबली नाही, तर ती आपोआप थांबण्याचा भरवसा उरत नाही, म्हणून उपचार तेव्हाच सुरू व्हावा. तीस मिनिटांपुढे मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो. १०८ ला फोन लागून गाडी दारात येणे संध्याकाळच्या पुण्यातही पाच मिनिटांत होत नाही, मग अक्कलकुव्याच्या पाड्यावर काय होणार? तेव्हा औषध घरातच हवे. नाकात फवारायचे मिडाझोलम आपल्याकडे मिळते. तरीही घरी सोडताना दिलेल्या कागदावर आपण लिहितो, ‘फिट आल्यास त्वरित घेऊन या.’ मग घरचे कांदा फोडून हुंगवतात, चप्पल नाकाशी धरतात, दातांत चमचा घालतात आणि आपण त्यांच्या अडाणीपणावर व्याख्यान देतो. त्या पाच मिनिटांत काय करायचे हे आपण सांगितलेच नव्हते. ती मोकळी जागा कांद्याने भरली.

यावर पहिला आक्षेप येतो तो सुरक्षिततेचा: श्वास मंदावू शकणारे औषध घरच्यांच्या हाती कसे द्यायचे? २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ब्रिटनमधील चाचणीत गालाच्या आत सोडलेले मिडाझोलम ५६ टक्के वेळा, तर गुदद्वारातून दिलेले डायझेपाम २७ टक्के वेळा यशस्वी ठरले, श्वास मंदावण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही. ही चाचणी रुग्णालयांत झाली, घरांत नाही, हे मान्य. पण २००१ ची सॅन फ्रान्सिस्कोतील रुग्णवाहिकांमधली चाचणी पाहा. तिथे लोराझेपाम किंवा डायझेपाम मिळालेल्यांपैकी सुमारे १० टक्के रुग्णांना श्वसनाची वा रक्ताभिसरणाची गुंतागुंत झाली. नुसते बिनऔषधी इंजेक्शन मिळालेल्यांत हे प्रमाण २२ टक्क्यांवर गेले. रुग्ण प्रौढ होते, तरी धडा लागू पडतो: चालू राहिलेली फिटच श्वासाला अधिक घातक असते. वजनानुसार एकच ठरलेली मात्रा, ती देण्याचा आपल्यासमोर सराव, दुसरी मात्रा द्यायची नाही आणि दिल्यावर मुलाजवळून हलायचे नाही, या मर्यादांत धोका आटोक्यात राहतो.

फिट ओळखण्याचा मुद्दा याहून नाजूक आहे. तान्ह्या बाळांच्या ज्या अपस्माराला आज वेस्ट सिंड्रोम म्हणतात, त्याचे पहिले वर्णन विल्यम जेम्स वेस्ट या इंग्लिश डॉक्टरने १८४१ मध्ये ‘लॅन्सेट’ला पाठवलेल्या पत्रात आहे. ते बाळ त्याचे स्वतःचे होते. झोपेतून उठताना लागोपाठ येणारे ते छोटे झटके आजही ‘बाळ दचकतं’, ‘पोटात दुखत असेल’ म्हणून सोडून दिले जातात. उपचाराला जितका उशीर, तितका बुद्धीच्या वाढीवर परिणाम, हे ब्रिटनमधील मुलांच्या पाठपुराव्यातून दिसले आहे. आईने मोबाइलवर घेतलेले अर्ध्या मिनिटाचे चित्रण निदानात वाया जाणारे आठवडे वाचवू शकते. ड्रॅव्हे सिंड्रोम या अपस्माराचेही तेच. तापात, पहिल्याच वर्षी, लांबणाऱ्या, कधी एकाच बाजूच्या फिट्स; आणि कार्बामॅझेपिनसारख्या औषधाने त्या वाढतात. ‘हे औषध सुरू केल्यापासून जास्त येतात’ असे वडील सांगतात तेव्हा ती तक्रार म्हणून ऐकली जाते. खरे तर ती निदानाची खूण असू शकते.

पण मग पालक म्हणतील ते सगळे खरे मानायचे का? नाही. निरीक्षण आणि निष्कर्ष वेगळे ठेवावे लागतात. लसीनंतर मुलाला फिट आली, असे सांगणारे पालक चुकीचे सांगत नव्हते. परंतु २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी लसीमुळे मेंदूला इजा झाली असे समजल्या गेलेल्या १४ जणांची तपासणी केली, तेव्हा ११ जणांत ड्रॅव्हेशी निगडित असलेल्या एससीएन१ए जनुकातच बदल सापडला. कधी निरीक्षणही डळमळते, हे अमेरिकेतल्या कोलोरॅडोत दिसले. भांगेच्या अर्काने फिट्स निम्म्यावर आल्या असे सांगणाऱ्यांचे प्रमाण त्यासाठी घरदार सोडून तिथे आलेल्या कुटुंबांत ४७ टक्के होते आणि मूळ रहिवाशांत २२ टक्के. आशेचे वजन निरीक्षणावर पडते. ते आपल्याही निरीक्षणावर पडते, म्हणूनच तर आपण चाचण्या घेतो! तारीख, वेळ, कालावधी आणि चित्रण असलेली नोंद ठेवायला शिकवणे हाच यावरचा उपाय. पालकांचे ऐकणे थांबवून काहीच साधत नाही.

आपल्या खेड्यांतल्या, कमी शिकलेल्या आईला हे जमणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी गडचिरोलीकडे पाहावे. डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांनी गावातल्या स्त्रियांना नवजात बाळांचा जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिनचे इंजेक्शन द्यायला शिकवले, आणि १९९९ च्या अहवालानुसार नवजातमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. जिथे इंजेक्शन जमले तिथे नाकातला फवारा जमणार नाही, हे म्हणणे पुराव्यावर टिकत नाही.

मला स्वतःला सर्वांत अडवणारा आक्षेप वेगळाच आहे. ‘पालक’ हा आपला शब्द सोयीचा आहे. प्रत्यक्षात काम आईवर पडते. तिला औषध, वही आणि घड्याळ देऊन आपण तिला चोवीस तासांची बिनपगारी परिचारिका करतो का? अशा घरांत नोकरी बहुतेक वेळा तीच सोडते, रात्री मुलाच्या छातीवर हात ठेवून तीच जागते आणि दोष कुणाच्या घराण्याचा, हा प्रश्नही तिलाच ऐकावा लागतो. या आक्षेपाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. जबाबदारी तिच्यावर आधीच आहे, साधन मात्र नाही, एवढे मी म्हणू शकेन. यापुढचे आपल्या हातात आहे: सराव एकट्या आईचा न घेता वडील, आजी आणि शेजारच्या एका माणसाचा घेतल्याशिवाय मुलाला घरी सोडायचे नाही. घरच्यांना दिलेला सूचनांचा कागद अंगणवाडीताईंनाही द्यायचा. शासनाकडे मागायचे तेही स्पष्ट आहे, कारण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत अपस्मार स्वतंत्रपणे नाही. सोबत बौद्धिक अक्षमता, सेरेब्रल पाल्सी अशी यादीतली दुसरी अक्षमता असेल तरच या मुलांना प्रमाणपत्राचे दार उघडते.

अपस्मारातल्या आकस्मिक मृत्यूविषयी पालकांशी बोलावे का, हा प्रश्न तरुण सहकारी विचारतात. बोलावे. अमेरिकन मेंदूतज्ज्ञांच्या अकादमीची २०१७ ची सूचना तशीच आहे: अपस्मार असलेल्या मुलांत वर्षाला साधारण ४५०० मागे एक, पण फिट्स आटोक्यात नसतील तर धोका अधिक. ते घाबरतील म्हणून आपण गप्प बसतो. पण ते आधीच घाबरलेले असतात.

घरच्यांसाठी एका पानाचा मराठी मसुदा कार्यकारिणीने केला आहे: मुलाचे वजन, किती फवारे, कोणत्या मिनिटाला, कधी निघायचे आणि टाळायच्या औषधांची नावे. दुपारच्या सत्रात तो वाटला जाईल. अहिराणी आणि गोंडीत तो कोण उतरवणार हे आजच ठरवू या, आणि मात्रेच्या तक्त्यातला प्रत्येक आकडा प्रत्येकाने स्वतः तपासून पाहावा.