लेकीच्या पुढच्या शिक्षणाचा हिशेब



मागच्या बैठकीत आमच्या गटातल्या एका ताईंनी कर्ज मागितलं. मुलगी बी.एस्सी. झाली, आता एम.एस्सी. करायचं म्हणते. विषय शरीरक्रियाशास्त्र, म्हणजे आपलं शरीर चालतं कसं याचा अभ्यास. लगेच एक जण म्हणाली, “डॉक्टर तर होणार नाही ना? मग कशाला? स्थळं बघा आता.”

मुलगी तिथंच बसली होती. म्हणाली, “काकू, हंडा घेऊन चढ चढताना तुम्हाला धाप लागते ना? रक्तात हिमोग्लोबिन कमी असलं की अंगाला ऑक्सिजन कमी पोचतो, हृदयाला जास्त पळावं लागतं. डॉक्टर लोहाची गोळी देतात. पण ती चहाबरोबर घेतली तर लोह अंगी कमी लागतं, हे कुणीतरी शोधून काढलं ना? ते शोधायचं काम मला शिकायचंय.”

बायकांनी हे काम केलेलं आहे. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत, दुर्गाबाईंच्या बहीण. १९३३ साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेत, बाई म्हणून सर सी. व्ही. रामन यांनी त्यांना प्रवेश नाकारला. त्या अडून बसल्या. शेवटी वर्षभर पारखून बघू, या अटीवर घेतलं. १९३९ मध्ये त्या केंब्रिजच्या पीएच.डी. झाल्या. पुढं नीरेतल्या पोषणावर त्यांनी संशोधन केलं.

आता पैशाचं बोलू. एम.एस्सी.ची दोन वर्षं खर्च घरचा. काही विद्यापीठांत प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करतानाही हा विषय घेता येतो. पुढं सीएसआयआर-यूजीसी नेट ही परीक्षा असते. तिच्यात वरचे गुण मिळवून जेआरएफ मिळाली, आणि पीएच.डी.ला प्रवेश झाला, की पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये, नंतर ४२,०००. हे दर २०२३ पासूनचे. सगळी मिळून जास्तीत जास्त पाच वर्षं. एम.एस्सी.ला खुल्या गटात ५५ टक्के लागतात. जेआरएफला वयाची अट ३० वर्षं, पण बायकांना पाच वर्षांची सूट आहे. म्हणजे लग्न झालं तरी दार बंद होत नाही.

सगळ्यांनाच ती मिळते असं नाही. चुरस मोठी आहे. हे त्या ताईंनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, “नाही मिळाली तर शेळ्या विकून हप्ते भरीन, पण तिला अर्ध्यावर थांबवणार नाही.”

गटानं कर्ज मंजूर केलं. पहिली सही केली ती “स्थळं बघा” म्हणणाऱ्या काकूंनी.

तुमच्याही घरात बी.एस्सी. झालेली लेक असेल. स्थळ बघण्याआधी एकदा तिला विचारा, “तुला काय शोधायचंय?”