घराण्याचा रोग आणि वहीचे पान



"त्या घराण्याला शाप आहे. तिथली माणसं पोटाच्या रोगानंच जातात." असं बोलणं आपण सर्वांनी ऐकलं आहे. आज आपण त्याच बोलण्याचा विचार करू.

अमेरिकेत मिशिगन नावाचे राज्य आहे. तेथे डॉ. वॉर्थिन राहत. १८९५ साली शिवणकाम करणारी एक बाई त्यांना म्हणाली, की आमच्या घरात सगळे कॅन्सरने जातात. मीही तशीच जाणार. डॉक्टरांनी हे हसण्यावारी नेले नाही. त्यांनी तिच्या सर्व भाऊबंदांची माहिती जमवली आणि १९१३ साली ती छापली. ती बाई पुढे गर्भाशयाच्या कॅन्सरनेच वारली.

पुढे १९६२ साली ओमाहा शहरात डॉ. लिंच यांना एक रोगी भेटला. तो दारूच्या आहारी गेला होता. का? तर घरचे सगळे मोठ्या आतड्याच्या कॅन्सरने मेले, आपणही मरणार, ही धास्ती! लिंच त्याच्या नातलगांकडे गेले. कोण, कितव्या वर्षी, कशाने गेले, ते लिहून घेतले. पुष्कळ डॉक्टरांना त्यांचे म्हणणे पटले नाही. पण १९९३ आणि १९९४ साली रोगाचे मूळ सापडले. आज या रोगाला लिंच यांचेच नाव आहे.

हे मूळ कोणते? आपले शरीर बारीक बारीक पेशींचे बनलेले आहे. प्रत्येक पेशीत आईबापांकडून आलेला एक मजकूर असतो. नवी पेशी होताना त्याची नक्कल होते. नक्कल करताना चुका होतातच. आपण पाटीवर चुकतो, तेव्हा गुरुजी दुरुस्त करतात ना? तसे पेशीतही चुका दुरुस्त करणारे असतात. या घराण्यांत ते दुरुस्तीचे कामच बिघडलेले असते. चुका साठतात आणि कॅन्सर होतो.

हा दोष आईकडून येतो, तसाच बापाकडूनही येतो. प्रत्येक मुलाला तो येण्याचा संभव रुपयात आठ आणे. म्हणजे सर्वांनाच येतो असे नाही. शिवाशिवीने तर तो मुळीच होत नाही. तेव्हा सुनेला बोल लावू नका. आतड्याच्या शंभर कॅन्सरांत असे सुमारे तीनच असतात.

मग उपाय काय? रक्त तपासून दोष कळतो. मुंबईच्या टाटा रुग्णालयात अशी तपासणी होते. दोष निघाला, तर साधारणपणे विशी-पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी दुर्बिणीने आतडे पाहतात. आत मांसाचे लहान कोंब दिसले, तर कॅन्सर होण्याआधीच ते काढून टाकतात. बायकांनी गर्भाशयाबद्दलही डॉक्टरांना विचारावे. शौचातून रक्त गेले, तर 'मूळव्याधच असेल' म्हणून गप्प बसू नका.

आता आपल्याला लिहिता येते. वहीचे एक पान घ्या. आजा, आजी, मामा, काका, आत्या, मावशी, सर्वांची नावे लिहा. कोणाला कोणता रोग झाला, कितव्या वर्षी झाला, तेही लिहा. पन्नाशीच्या आत कोणाला आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर झाला असेल, तर त्या नावाखाली रेघ ओढा. दवाखान्यात जाताना ते पान बरोबर न्या. म्हातारी माणसे आहेत तोवर त्यांना विचारून घ्या. त्यांच्यामागे हे सांगणारे कोणी उरणार नाही.