पपईचा विषाणू आणि जनुकाची ढाल



गोदाकाठच्या सायखेड्यात पपई लावू इच्छिणाऱ्याने रिंगस्पॉट विषाणू ओळखून ठेवणे अगत्याचे आहे. फळावर वलये उमटतात, पाने आक्रसतात; प्रसार मावा करतो आणि जडलेल्या रोगावर औषध नाही. हवाई बेटांवरील पुना भागात (आपले पुणे नव्हे!) १९९२ नंतर बागा उद्ध्वस्त झाल्या. तेव्हा डेनिस गोन्साल्विस व सहकाऱ्यांनी विषाणूच्याच आवरण-प्रथिनाचे जनुक पपईत बसविले होते. त्यामुळे झाड विषाणूचा जनुकीय संदेश ओळखून तोडते. ‘रेनबो’ वाण १९९८ मध्ये शेतकऱ्यांना मिळाले.

मात्र ही ढाल मिळत्याजुळत्या विषाणूपुरतीच चालते. शिवाय भारतात अशा पपईच्या लागवडीस परवानगी नाही. तूर्त निरोगी रोपे लावावीत, रोगट झाड दिसताच उपटावे. एकट्याने उपटून भागत नाही, शेजारचा बांधही राजी हवा. तेथे पंचायतीचा शब्द उपयोगी पडेल.