यंत्रांतला राग



यंत्राला राग गातां येतो काय, या प्रश्नाचें एक धीट उत्तर १९८२ सालीं मुंबईच्या एका वादकानें दिलें. चरणजित सिंग हे चित्रपटसंगीतांत गिटार वाजवीत. भैरव, ललत, मालकंस असे दहा राग त्यांनीं जपानी विद्युद्वाद्यांवर डिस्कोच्या ठेक्यांत वाजवून त्यांची ध्वनिमुद्रिका काढली.

यांतील मर्म असें : खर्जाच्या यंत्रांत एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. बास गिटारची जागा भरून काढण्यासाठीं केलेल्या त्या यंत्रांत सिंगांना मींड सांपडली. शिवाय रागांत षड्ज अढळ; त्यामुळें तेंच तें आवर्तन घोकणारें यंत्र येथें कंटाळा न आणतां तंबोऱ्याप्रमाणें आधार देतें. उणिवाही आहेतच. गमकाचा जिवंत कंप यंत्राला साधत नाहीं, आणि अखंड धांवणाऱ्या ठेक्यांत विलंबिताच्या विसाव्याला जागा उरत नाहीं.

मुद्रिका तेव्हां फारशी खपली नाहीं. १९८७ सालीं त्याच जातीच्या खर्जयंत्रावर शिकागोच्या तरुणांनीं 'ॲसिड हाउस' नांवाचा प्रकार घडविला. आणि २०१० सालीं हॉलंडांतून सिंगांची मुद्रिका पुन्हां निघाली, तेव्हां कोठें रसिकांचें लक्ष तिकडे वळलें. २०१५ सालीं ते निवर्तले. चार दिवस कां होईना, तें कौतुक त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें.

अठ्ठावीस वर्षें हा प्रयोग आपल्या दाराशीं पडून होता. नवें संगीत कानीं आलें कीं, "हें संगीतच नव्हे" असें म्हणण्यापूर्वीं तें पुरतें ऐकावें. निकाल मग द्यावा. कलावंत हयात असतांना दिलेला कान, हीच त्याची खरी बिदागी.