चेंडू एकच



शाळेच्या मैदानावर मुले गडी वाटून घेतात, तेव्हा जे दोघे सर्वांत तरबेज त्यांना एका बाजूला जाऊ देत नाहीत. ते दोन बाजूंचे नायक होतात आणि आळीपाळीने गडी निवडतात. अमेरिकेतील धंदेवाईक बास्केटबॉलमध्येही अशीच तजवीज आहे. दरसाल नवे खेळाडू निवडताना दुबळ्या संघांना झुकते माप मिळते आणि १९८४ पासून संघाच्या एकूण वेतनालाही मर्यादा घातलेली आहे.

२०१० च्या जुलैत तरबेज गडीच एका बाजूला गेले. सात हंगाम क्लीव्हलंडकडून खेळलेला लेब्रॉन जेम्स करार संपताच मायामीला, ड्वेन वेडच्या संघात गेला. टोरांटोचा ख्रिस बॉशही तेथेच आला. वेतनाच्या मर्यादेत बसावे म्हणून तिघांनीही मिळू शकले असते त्याहून कमी पैसे घेतले, हे टीकाकार सहसा सांगत नाहीत. क्लीव्हलंडमध्ये लोकांनी जेम्सच्या नावाचे सदरे जाळले. जाण्याचा त्याला हक्क होता. पण ते दूरचित्रवाणीवर खास कार्यक्रम करून सांगणे मला तरी रुचले नाही.

आता हे हरतात कसले, असे सर्वांना वाटले. पण २०११ च्या अंतिम फेरीत डॅलसने त्यांना हरवले! पूर्वीही असे झाले होते. १९६८ साली लॉस एंजेलिसने वेस्ट आणि बेलर यांच्या जोडीला चेंबरलेन आणला, आणि १९६९ च्या अंतिम फेरीतला सातवा सामना बोस्टनने १०८-१०६ असा जिंकला.

असे का होते? शिक्षकमित्रांना हे लगेच कळेल. वर्गातली तीन हुशार मुले एका बाकावर बसवली, तर उत्तर द्यायला तिघांचेही हात वर. बास्केटबॉलमध्ये मैदानावर एका बाजूचे पाच गडी, आणि चेंडू एकच. कुणीतरी हात खाली घ्यावा लागतो.

मायामीत तो बॉशने घेतला. टोरांटोत शेवटच्या हंगामात तो सामन्यामागे २४ गुण करीत असे. मायामीत पहिल्याच वर्षी ते १९ च्या आत आले. २०१२ साली अजिंक्यपद मिळाले. २०१३ ला सॅन अँटोनिओ ३-२ ने पुढे होता. सहाव्या सामन्यात काही सेकंद उरले असताना मायामी तीन गुणांनी मागे. करंडक देण्याच्या तयारीसाठी मैदानाभोवती पिवळी दोरीसुद्धा आणली होती. जेम्सचा नेम चुकला. उसळलेला चेंडू बॉशने उंचावून पकडला. स्वतः नेम न धरता त्याने तो कोपऱ्यातल्या रे ॲलनकडे फेकला आणि ॲलनने तीन गुण केले. जादा वेळेत मायामी जिंकला.

सातवा सामनाही मायामीनेच जिंकला, ९५-८८. त्या सामन्यात बॉशच्या नावावर गुण होते शून्य.