न दिसणारे दुखणे
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला माझ्या दुखण्याविषयी बोलायला सांगितले, तेव्हा संकोच वाटला. दुखणे ही का व्याख्यानाची गोष्ट आहे? परंतु हे दुखणे अंगावर दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्यावर घरची माणसेही विश्वास ठेवीत नाहीत. म्हणून आज उभी राहिले आहे.

लहानपणी कासार माझ्या हातात घट्ट मापाच्या बांगड्या सहज चढवी आणि म्हणे, "पोरीचे हात लोण्याचे आहेत!" पुढे विशी उलटली आणि मंगळागौरीच्या फुगडीत माझा खांदा जागचा सरकला. मग कणीक तिंबताना बोटे मुरगळू लागली. रांगेत उभी राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येई. रात्रभर झोपूनही शीण जात नसे. एका डॉक्टरांनी रक्त तपासले, क्ष-किरणांचे फोटो काढले. सारे ठीक निघाले. "मनाला लावून घेऊ नका," एवढेच औषध मिळाले. सासरी मला 'नाजूक' म्हणू लागले. त्या शब्दाचा खरा अर्थ तुम्हां सर्वजणींना ठाऊक आहे!

सांधे जागच्या जागी धरून ठेवणारे बंध मुख्यत्वे कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे असतात. ते सैल असले की सांधा प्रमाणाबाहेर वळतो, आणि त्याला सावरता सावरता स्नायू थकतात. सांध्यांचा हा सैलपणा मोजण्यासाठी बेटन यांच्या नावाची ९ गुणांची परीक्षा आहे. करंगळ्या, अंगठे, कोपरे व गुडघे यांचे प्रत्येकी २ गुण, आणि गुडघे न वाकवता दोन्ही तळवे जमिनीला टेकले तर १. घरी जाऊन लगेच घाबरू नका. पुष्कळांचे अंग लवचिक असते आणि त्यांना काहीच त्रास नसतो. त्रास असेल तरच ती व्याधी.

यातल्या एका व्याधीला एलर्स-डॅनलॉस म्हणतात. २०१७ सालच्या वर्गीकरणात तिचे १३ प्रकार सांगितले आहेत. माझा अतिलवचिक प्रकार रक्ताच्या तपासणीत सापडत नाही. जाणत्या डॉक्टरांनी हकीकत ऐकून आणि सांधे पाहूनच तो ओळखावा लागतो.

हा आजार समूळ जात नाही, पण त्याच्यासह संसार करता येतो. सांधा ताणायचा नाही, स्नायू बळकट करायचे, हे मला व्यायामोपचार करणाऱ्या बाईंनी शिकविले. ओट्याशी मी उंच स्टूल ठेवले आहे. कणीक दोन वेळा थोडी थोडी भिजवते. बरे वाटले म्हणून एकाच दिवशी सारे डबे घासायला काढीत नाही. कारण त्यापायी पुढचे दोन दिवस अंथरुणात जातात.

माझी धाकटी ११ वर्षांची आहे. आईला हा आजार असला तर प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता निम्मी धरतात. तिची करंगळी माझ्यासारखीच मागे वळते, आणि पाहुणे आले की तिला ती वळवून दाखवायला सांगतात. त्यांना मी आता स्पष्ट नाही म्हणते.

मंडळाला माझी विनंती एवढीच: मंगळागौरीला जिला फुगडी झेपत नाही तिला हाताला धरून ओढू नये. हळदीकुंकवाला चार खुर्च्या मांडाव्यात. आणि एखादी मुलगी "माझे हात दुखतात" म्हणाली, तर तिला आळशी म्हणण्याआधी जवळ बसवून विचारावे, "कुठे दुखते ग?" मला हे विचारणारे माणूस भेटायला पंधरा वर्षे लागली. आपल्या मुलींना तितकी लागू नयेत.