नुसते ‘सारथी’ शोधू नका



देशातले पहिले आधार क्रमांक आपल्या नंदुरबार जिल्ह्यात दिले गेले. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली गावी पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत तो कार्यक्रम झाला. आधार, सारथी, वाहन, उमंग, पोषण ट्रॅकर... सरकारी प्रणालींची ही नावे रोजच्या बोलण्यातली आहेत. तोंडी सहज बसतात, मला ती आवडतातही. पण काम अडले आणि मोबाइलवर मदत शोधायला बसलो, की तेच सोपे नाव आडवे येते.

वाहन परवान्याच्या सारथी प्रणालीचेच बघा. धडगावच्या एखाद्या मुलाचा शिकाऊ परवान्याचा अर्ज मध्येच अडकतो. तो नुसते ‘सारथी’ टाकून शोधतो. समोर पुण्याची सारथी संस्था येते. २०१८ साली स्थापन झालेली, मराठा-कुणबी समाजातल्या विद्यार्थ्यांसाठी काम करणारी. अर्जुनाचा सारथीही येतो. एवढ्याशा शब्दावरून या मुलाला नेमके काय हवे, ते मोबाइलला कसे कळावे?

एकाच पाड्यावर एका नावाची चार माणसे असली, की आपण बापाचे नाव जोडून विचारतो. इथेही तसेच करावे. खाते आणि काम दोन्ही जोडून ‘सारथी परिवहन शिकाऊ परवाना’ असे लिहावे. अंगणवाडी सेविकांनी नुसते ‘पोषण’ लिहिले तर आहाराचे सल्ले मिळतील. ‘पोषण ट्रॅकर लाभार्थी नोंदणी’ लिहावे. सर्वांत उपयोगी पडतो तो पडद्यावर आलेला संदेश. तो बहुधा इंग्रजीत असतो आणि आपण घाईने पुसून टाकतो. पुसू नका. अक्षर न् अक्षर उतरवून घ्या आणि प्रणालीच्या नावापुढे दुहेरी अवतरणचिन्हांत टाका. मात्र त्यातला आपला अर्ज क्रमांक, मोबाइल क्रमांक वगळा.

आधारच्या बाबतीत जास्त जपायला हवे. हा शब्द कोणीही आपल्या पाटीवर लिहू शकतो. शोधताना सापडलेल्या कुठल्याही नंबरवर फोन लावू नका, ओटीपी कोणालाच सांगू नका. संकेतस्थळाचा पत्ता यूआयडीएआय डॉट जीओव्ही डॉट इन असाच आहे ना, हे आधी पाहा. आधारची अधिकृत मदतवाहिनी १९४७ आहे. पैशांची ऑनलाइन फसवणूक झालीच, तर वेळ न दवडता १९३० वर फोन करा. हे दोन्ही क्रमांक आत्ताच लिहून घ्या आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनाही द्या.